मुलांच्या कॉलेजसाठी बचत: करसूट नेमकी कुठे मिळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, पती नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात. वार्षिक पगार त्यांचा ९ लाख, पतींचा ११ लाख. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. महिन्याला २०,००० रुपये मुलांच्या उच्च शिक्षणासाठी बाजूला टाकता येतील. पतींचे मामेभाऊ विमा एजंट आहेत. वर्षाला सव्वा लाख हप्त्याचा 'चाइल्ड प्लॅन' घ्या, ८०सीमध्ये (आयकर कायद्याचं कलम, ठरावीक बचतीवर वर्षाला दीड लाखांपर्यंतची वजावट) सूटही मिळेल, असा त्यांचा आग्रह आहे. पतींचं २०१४-१५ मध्ये उघडलेलं पीपीएफ (१५ वर्षं मुदतीचं सरकारी बचत) खातं आहे, त्यात आज ६ लाख आहेत. सासऱ्यांनी नातवाच्या नावाने ३ लाखांची एफडी केली आहे. प्लॅन घ्यावा का, आणि मुलीचं सुकन्या खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) काढायला उशीर झाला का, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, आधी ८०सीचं बघू, कारण घरातला सगळा वाद त्यावरच चालला असणार.

ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे आणि त्यानंतर करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो. म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्याला काही भरायचंच नाही. तुम्ही दोघंही त्याच्या आत आहात. आज तुम्हाला करच लागत नाही, मग सूट कशातून घेणार?

आता ८०सीसाठी पतींनी जुनी प्रणाली निवडली तर काय होतं ते बघा. ११ लाखांतून ५०,००० प्रमाणित वजावट गेली, ८०सीचे पूर्ण दीड लाख गेले, उरले ९ लाख. त्यावर पहिल्या अडीच लाखांना कर नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, त्यापुढच्या ४ लाखांवर २० टक्क्यांनी ८०,०००. ४ टक्के उपकर धरून एकूण ९६,२००. सूट मिळवायची म्हणून शहाण्णव हजार भरायचे! शिवाय पगारातून कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड आणि मुलाची ट्यूशन फी यांनीच ८०सीची बरीच जागा आधी भरलेली असते, हे एजंट सहसा सांगत नाहीत. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि ८०सीचं कलम आता १२३ झालं. पण लोक अजून बरीच वर्षं ८०सीच म्हणणार, मीही तेच म्हणतो.)

घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, आईवडिलांचा आरोग्य विमा अशा मोठ्या वजावटी ज्यांच्याकडे आहेत आणि पगार पंधरा-अठरा लाखांच्या वर आहे, त्यांनी दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून बघावा. तुमच्या घरात तो प्रश्न नाही.

मग करसवलतीच्या योजना तुमच्या कामाच्या नाहीत का? आहेत, पण त्यांचा फायदा दुसऱ्या टोकाला आहे. पैसे टाकताना मिळणारी सूट गेली, तरी पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचं व्याज आणि शेवटी हातात येणारी रक्कम नव्या प्रणालीतही पूर्ण करमुक्त आहे. चौदा-पंधरा वर्षं व्याजावर व्याज चढतं आणि त्यातला एक रुपयाही कराला जात नाही, हा फायदा दीड लाखाच्या वजावटीपेक्षा मोठा. लोक मात्र मार्चमधल्या वजावटीमागे धावतात आणि या टोकाचा विचार करत नाहीत.

सुकन्याला उशीर झालेला नाही. मुलगी १० वर्षांची होईपर्यंत खातं उघडता येतं, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख. सध्या व्याज ८.२ टक्के आहे. दर तिमाहीला सरकार दर जाहीर करतं, तो कायमचा नाही. २०१५-१६ मध्ये तो ९.२ होता आणि २०२० ते २०२३ या काळात ७.६ वर उतरला होता, हे लक्षात असू द्या.

आता या योजनेतला जो भाग पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही तो. पैसे १५ वर्षं भरायचे, पण खातं परिपक्व होतं उघडल्यापासून २१ वर्षांनी. तुमची मुलगी ४ वर्षांची आहे, म्हणजे पूर्ण पैसे हातात येतील तेव्हा ती २५ वर्षांची असेल. कॉलेजची फी अठराव्या वर्षी लागते. त्यासाठी मधली सोय आहे: मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यातलं जे आधी घडेल त्यानंतर, मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. एकदम काढा किंवा वर्षाला एकदा अशी पाच वर्षांपर्यंत काढा. प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती जोडावी लागते आणि जेवढी फी आहे तेवढेच मिळतात.

महिन्याला ५,००० म्हणजे वर्षाला ६०,००० तुम्ही भरले आणि दर ८.२च राहिला असं धरू. १४ वर्षांनी खात्यात सुमारे १६ लाख असतील. त्यातले ८ लाख फीसाठी निघतील. उरलेले वाढत राहून ती २५ वर्षांची होईल तेव्हा साधारण १५ लाख मिळतील. ते पदव्युत्तर शिक्षणाला, परदेशी जायला किंवा तिच्या पहिल्या घराला कामाला येतील, पण बारावीनंतरच्या प्रवेशाला नाहीत. 'सुकन्यामध्ये टाकतोय, मुलीच्या शिक्षणाचं झालं' असं म्हणणाऱ्या घरांत अठराव्या वर्षी धावपळ होते ती यामुळे. खातं मूल तान्हं असतानाच उघडलं तर ही दरी कमी होते. तुमच्या बाबतीत ती सात वर्षांची आहे आणि दुसऱ्या ठिकाणाहून भरून काढावी लागेल.

एक बारीक गोष्ट. सुकन्या आणि पीपीएफ दोन्हींत महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. जमत असेल तर वर्षाचे पैसे एप्रिलच्या ५ तारखेच्या आत एकदम भरा. नाहीतर पगार झाला की लगेच जातील अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवा.

आता पतींचं पीपीएफ. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, पण माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे. २०१४-१५ मध्ये उघडलेलं खातं मार्च २०३० अखेर १५ वर्षं पूर्ण करेल. त्या वेळी बहुतेक लोक पैसे काढतात आणि सोनं, गाडी किंवा घराची दुरुस्ती होते. तसं करू नका. खातं पाच-पाच वर्षांनी पुढे नेता येतं आणि त्यात दोन प्रकार आहेत. नवे पैसे भरत पुढे नेलं, तर त्या पाच वर्षांत मुदतवाढीच्या सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येतं. नवे पैसे न भरता पुढे नेलं, तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते आणि उरलेल्यावर व्याज चालूच, सध्या ७.१ टक्के, करमुक्त. कॉलेजची फी वर्षातून एकदाच भरायची असते. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा काढा, बाकीचं वाढू द्या. याच्यापेक्षा सोयीचं फीचं खातं मला माहीत नाही. नवे पैसे भरत राहायचं असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. तो राहिला तर खातं आपोआप दुसऱ्या प्रकारात जातं, आणि तुमच्यासाठी तेच बरं आहे.

मुलाच्या नावाने नवीन पीपीएफ उघडू का, असं पुढे विचाराल म्हणून सांगतो. उघडता येतं, पण पालकाचं स्वतःचं आणि त्याने चालवलेलं मुलाचं, दोन्ही मिळून मर्यादा दीड लाखांचीच राहते. आणि १० वर्षांच्या मुलाला १५ वर्षांची मुदत उपयोगाची नाही.

मुलाकडे आठ वर्षं आहेत. २०३४ मध्ये बारावीनंतरचा प्रवेश. आज पुण्यात खासगी अभियांत्रिकीची फी वर्षाला दीड लाख धरली आणि रूम-मेसचे महिन्याला बारा हजार, तर चार वर्षांचे बारा लाख होतात. (आयआयटीत खुल्या प्रवर्गाला ट्यूशन फीच वर्षाला २ लाख आहे, म्हणजे तिथेही आकडा फार खाली येत नाही.) दरवर्षी ७ टक्के वाढ मी धरतो. त्या हिशेबाने आठ वर्षांनी साडेवीस लाख आणि मुलीच्या वेळी, चौदा वर्षांनी, ३१ लाख. खासगी एमबीबीएसचा विचार असेल तर हे गणित बाजूला ठेवा, तो वेगळाच डोंगर आहे.

मुलासाठी महिन्याला १०,०००ची एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक), साध्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांचेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात. ती तुमच्यापैकी एकाच्या नावावर करा, मुलाच्या नावावर नको. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या नावावरच्या पैशाचं उत्पन्न ज्याचं उत्पन्न जास्त त्या पालकाच्या उत्पन्नात धरतात, म्हणजे करात फायदा काही नाही. काढलेले पैसे मुलाच्याच बँक खात्यात जातात. आणि तो १८ वर्षांचा झाला की फोलिओवरचे (फंडातल्या खात्यावरचे) व्यवहार थांबतात. त्याचं पॅन, केवायसी, नवी सही, अर्ज हे सगळं नेमकं प्रवेशाच्या धावपळीत करावं लागतं. बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राऊंड (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरी) आणि त्यातच हे, असं एकदा बघितलं की कुणी पुन्हा मुलाच्या नावाने फोलिओ काढणार नाही.

ईएलएसएस (८०सीची सूट देणारा शेअरचा म्युच्युअल फंड) घेण्याचं कारण तुम्हाला उरलेलं नाही. त्याचा सगळा दिमाख ८०सीवर होता. प्रत्येक हप्त्याला तीन वर्षांचं कुलूप मात्र कायम आहे.

शेअरवर आधारलेल्या फंडाचा परतावा कुणी लिहून देत नाही. मी हिशेबाला १० टक्के धरतो. आठ वर्षांत तुम्ही ९ लाख ६० हजार भरलेले असतील आणि रक्कम साडेचौदा लाखांच्या आसपास जाईल, म्हणजे ५ लाख नफा. एक वर्षाहून अधिक ठेवलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखांपर्यंत कर नाही, त्यावर १२.५ टक्के. सगळं एकाच वर्षी मोडलं तर जवळपास ४७,००० कर जाईल. तेच फीप्रमाणे चार वर्षांत थोडं थोडं काढलं तर कर जवळपास शून्यावर येतो. मात्र एक सावधगिरी. हा नफासुद्धा एकूण उत्पन्नात मोजला जातो, आणि १२ लाखांचा रिबेट या नफ्यावरच्या कराला लागू होत नाही. तोवर पगार वाढलेले असतील. ज्या वर्षी मोठी रक्कम काढायची त्या वर्षी आधी सीएकडे आकडा दाखवा, नंतर नको.

बाजाराचा भरवसा धरून प्रवेशाच्या वर्षापर्यंत सगळे पैसे फंडात ठेवू नका. मार्च २०२० मध्ये काही आठवड्यांत निर्देशांक एक तृतीयांशाहून अधिक घसरला होता. त्या जूनमध्ये कुणाला फी भरायची असती तर? मुलगा दहावीला गेला की दर मार्चमध्ये सव्वा लाखाच्या आतला नफा बसेल इतके युनिट मोडून एफडीत किंवा लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा, कमी जोखमीचा फंड) न्या. पहिल्या दोन वर्षांची फी बारावीच्या परीक्षेआधी सुरक्षित जागी आली पाहिजे.

साडेवीस लाखांत कमी पडणारे सहा लाख पीपीएफमधून. आजचे ६ लाख ७.१ टक्क्यांनी आठ वर्षांत १० लाखांच्या वर जातात. त्यातले साधारण सहा मुलाला, उरलेले मुलीला किंवा तुमच्या उतारवयाला.

मुलीसाठी सुकन्यात ५,००० आणि उरलेल्या ५,०००ची एसआयपी. चौदा वर्षांत १० टक्क्यांनी ती १८ लाखांपर्यंत जाते. सुकन्याचे ८ धरले तर २६ होतात, ३१ला पाच कमी. पण २०३४ मध्ये मुलाची १०,०००ची एसआयपी मोकळी होईल, ती मुलीकडे वळवली की प्रश्न मिटतो. मुलगी १८ची झाल्यावर फंडाचे युनिट तिला बक्षीस देण्याचाही मार्ग आहे. आईवडिलांकडून आलेल्या बक्षिसावर कर नाही, आणि सज्ञान मुलाचं उत्पन्न त्याचं स्वतःचं. तिला दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीतली मूळ ४ लाखांची मर्यादा आणि वरचे सव्वा लाख मिळून वर्षाला सव्वापाच लाखांपर्यंतचा नफा करमुक्त निघतो. फक्त पैसे कायद्याने तिचे होतात, नंतर 'परत दे' म्हणता येत नाही.

एनपीएस वात्सल्यबद्दल हल्ली खूप विचारतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली ती मुलांच्या पेन्शनची योजना आहे. शिक्षणासाठी काढायचं तर तीन वर्षांनंतर भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच. कॉलेजसाठी ती नको.

आता चाइल्ड प्लॅन. भाऊबंदांचं मन दुखवायला नको म्हणून पॉलिसी घेतलेली घरं मी इतकी पाहिली आहेत की त्यावर वेगळं लिहावं लागेल. मामेभाऊंच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत आणि सगळ्या पॉलिस्यांचा मिळून वर्षाला ५ लाखांच्या आत असेल, तर पारंपरिक पॉलिसीची मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त असते. पालक गेला तर पुढचे हप्ते माफ होतात, हीसुद्धा चांगली सोय. पण परतावा बघा. त्यांच्याकडे लाभाचा तक्ता मागा, तो द्यावाच लागतो. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. एजंटचं बोट ८च्या रकान्यावर असतं. तो कंपनीच्या गुंतवणुकीचा गृहीत दर आहे, खर्च आणि विम्याचा भार वजा होऊन तुमच्या हातात येतो तो वेगळा. हप्त्याच्या तारखा आणि मिळणारी रक्कम एक्सेलमध्ये मांडून एक्सआयआरआर (तारखांनुसार पडणारा खरा वार्षिक परतावा) काढा. पारंपरिक प्लॅनमध्ये तो बहुधा ५ ते ६ टक्क्यांच्या घरात निघतो. सुकन्या ८.२ देत असताना आणि तेही करमुक्त, हे कशाला घ्यायचं?

सही आधीच झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. आणि मामेभाऊंना नाराज करायचं नसेल तर त्यांच्याकडूनच दोघांचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा) घ्या, पतींचा किमान एक कोटीचा, मुलगी कमावती होईपर्यंतच्या मुदतीचा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. उद्या दोघांपैकी एक नसेल तर एसआयपी कोण भरणार, याचं उत्तर हाच विमा देतो.

हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांनी आधी सरकारी सवलती बघाव्यात. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही. १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला 'लेक लाडकी'तून टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार मिळतात, त्यातले ७५,००० अठराव्या वर्षी. इथे गुंतवणुकीपेक्षा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमिलेअर हे कागद वेळेवर काढून ठेवणं जास्त मोलाचं आहे.

एवढं करूनही रक्कम कमी पडली तर शैक्षणिक कर्ज घ्या, पीएफ मोडू नका. कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, रकमेची मर्यादा नाही, पण ती जुन्या प्रणालीतच. त्यामुळे मुलगा मुख्य कर्जदार असू द्या आणि नोकरी लागल्यावर हप्ते त्याच्याच खात्यातून जाऊ द्या. कोणती प्रणाली फायद्याची ते त्याला त्याच्या पगारावर ठरवता येईल.

राहिली सासऱ्यांची एफडी. मूळ बक्षिसावर कर नाही. व्याज मात्र, वर सांगितलं त्याच नियमाने, पतींच्या उत्पन्नात धरून दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायला हवं. ७ टक्क्यांनी ते वर्षाला २१,००० होतं. आज त्यामुळे कर लागणार नाही, पण पगार साडेबारा लाखांच्या पुढे जाईल त्या वर्षी हे एकवीस हजार हिशेबात धरावे लागतील. सासऱ्यांचं स्वतःचं उत्पन्न कमी असेल तर मुदत संपल्यावर तेवढीच नवी एफडी त्यांच्या स्वतःच्या पैशातून त्यांच्याच नावाने होऊ द्या, ज्येष्ठ नागरिकाचा जादा दरही मिळेल, आणि नातवाला १८ झाल्यावर द्यायला सांगा. नातवाच्या नावावरचे हे ३ लाख मोडायची गरज नाही. मुदत अशी निवडा की २०३४च्या मे महिन्यात पैसे मोकळे होतील. सासऱ्यांशी बोलून त्या एफडीवर नामनिर्देशन आहे का तेही या आठवड्यात बँकेत बघून घ्या.